दर्बेहून मागे वळलेली रेघ : सुवार्ता समित्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांच्या सुवार्ता समित्या व शब्बाथशाळा समित्या यांच्या सर्व सभासदांस

आदरणीय सभासदहो,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. आठवड्याचे सहा दिवस शाळेत नद्या, घाट आणि वाऱ्यांच्या दिशा शिकवायच्या आणि रविवारी सकाळी आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत प्रेषित पौलाचे प्रवास शिकवायचे, हा माझा तीस वर्षांहून अधिक काळचा क्रम. आमच्या वर्गाच्या भिंतीवर कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा आहे. त्यावर पौलाचा पहिला प्रवास तांबड्या रेघेने, दुसरा निळ्या आणि तिसरा हिरव्या रेघेने दाखविलेला असून रोमकडे जाणारी चौथी रेघ तुटक काळी आहे. मुलांनी गावे क्रमाने पाठ करायची, मी ती परीक्षेला विचारायची, आणि सलमीनपासून दर्बेपर्यंतची नावे जो न अडखळता म्हणेल त्याला नाताळात बक्षीस द्यायचे. या पद्धतीत काही उणे आहे असे मला कित्येक वर्षे वाटले नाही.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने तांबड्या रेघेवर बोट ठेवून विचारले, "सर, इथे रेघ दोनदा का ओढली आहे?" बोट दर्बेवर होते. मी सांगितले की पौल आणि त्याचा सोबती बर्णबा आले त्याच वाटेने परत गेले, म्हणून. त्यावर तिने बोट उजवीकडे सरकवून तार्सावर टेकवले आणि म्हणाली, "पण पौलाचं घर तर इथं जवळ होतं ना?" भूगोल शिकविणाऱ्या माणसाला हे आपणहून दिसायला हवे होते. मला दिसले नव्हते, कारण मी नावांचा क्रम पाहत होतो, वाट पाहत नव्हतो. हे पत्र त्या प्रश्नातून निघाले आहे; आणि यंदा आमच्याकडे आलेल्या वार्षिक अहवालाच्या छापील नमुन्यामुळे ते उघडपणे लिहावेसे वाटले.

त्या नमुन्यात पाच रकाने आहेत : भेट दिलेली गावे, घेतलेल्या सभा, सभांतील उपस्थिती, वाटलेल्या पत्रिका व शुभवर्तमाने, आणि झालेले बाप्तिस्मे. वर ठळक अक्षरांत महाआज्ञेचे, म्हणजे शिष्य करण्याच्या येशूच्या आज्ञेचे, वचन छापले आहे. मागील वर्षी ज्या गावी गेलो होतो तेथे यंदा पुन्हा गेलो की नाही, हे लिहायला कोठे जागा नाही. मी ते समासात लिहिले, तर कार्यालयातून नमुना परत आला आणि सोबत चिठ्ठी आली की फक्त नव्या गावांची नोंद करावी. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला जसे सांगितले तसे त्याने केले. माझे म्हणणे नमुना ठरविणाऱ्यांशी आहे, म्हणजे आपणा सर्वांशी.

प्रथम त्या वचनाकडेच पाहू या. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातील डोंगरावर जमले आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींना संशय वाटत होता हेही मत्तयाने लपविलेले नाही. त्यांना येशू म्हणतो, "तेव्हा तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा." मूळ ग्रीक वाक्याची घडण येथे मराठीने फार चांगली सांभाळली आहे असे मला वाटते. ग्रीकमध्ये या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, 'शिष्य करा'. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकविणे ही तिन्ही धातुसाधिते त्या एका क्रियापदाला टेकून उभी आहेत. जाण्याची आज्ञा त्यात नाही, असे कोणी यावरून काढू नये. आई मुलाला "बाजारात जाऊन भाजी आण" म्हणते तेव्हा त्याला घराबाहेर पडावेच लागते. पण तो सगळा बाजार पालथा घालून रिकामी पिशवी घेऊन आला आणि मी किती गल्ल्या हिंडलो ते मोजून सांगू लागला, तर आई काय म्हणेल हे वेगळे सांगायला नको. आपल्या नमुन्यातील पहिला रकाना गल्ल्यांचा आहे.

'शिष्य' हा शब्द मराठी माणसाला फोडून सांगावा लागत नाही. एका संध्याकाळी मैदानात बसून ऐकणाऱ्याला आपण श्रोता म्हणतो. शिष्य तो, जो जवळ राहतो, चुकतो, पुन्हा विचारतो, आणि गुरूची चाल त्याच्या अंगात उतरते. जुन्या भाषांतरकारांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यासोबत काळाची एक लांबी आपोआप आली, आणि ती आपण अहवालात कोठेही धरलेली नाही.

आता दर्बेकडे येतो. 'शिष्य करा' यातले ग्रीक क्रियापद नव्या करारात चारच वेळा आले आहे. तीनदा ते मत्तयात आहे. चौथ्यांदा ते 'प्रेषितांची कृत्ये' या लूकाने लिहिलेल्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात येते, आणि तेही दर्बे या गावाच्या संदर्भात : त्या नगरात त्यांनी सुवार्ता सांगून पुष्कळ शिष्य केले आणि मग लुस्त्र, इकुन्या व अंत्युखिया येथे ते परत गेले. महाआज्ञेतले क्रियापद पौलाच्या सगळ्या प्रवासांत लूकाने एकदाच वापरले, आणि ते वापरताच त्याच वाक्यात त्याने प्रवाशांना मागे वळविले. मी हे वाक्य शेकडो वेळा वर्गात वाचून दाखविले असेल.

ही वाट कशी होती ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय मागे वळण्याची किंमत कळत नाही. सुरुवात सीरियातील अंत्युखियाच्या मंडळीत झाली. तेथे पाच संदेष्टे व शिक्षक होते, त्यांतला एक कुरेनेचा, म्हणजे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा, आणि एक हेरोदाबरोबर वाढलेला. त्या मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल, म्हणजेच पौल, यांच्यावर हात ठेवले व त्यांना रवाना केले. सुमारे इ.स. ४६ ते ४८ हा तो काळ. ते दोघे आणि योहान मार्क कुप्र बेटावर सलमीनपासून पफेपर्यंत गेले, तेथून समुद्रमार्गे पंफुल्यातील पिर्गा येथे आले. मार्क तेथूनच घरी परतला. उरलेले दोघे टॉरस पर्वत चढून पिसिदियातील अंत्युखियाला पोहोचले. हे नगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच पठारावर होते. इ.स.पू. ६ मध्ये सम्राट औगुस्ताच्या कारकिर्दीत बांधलेली 'व्हिया सेबास्ते' ही सडक त्या डोंगरी मुलखातील रोमी वसाहती एकमेकींना जोडत असे. पायी चालणारा माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जाई, आणि वाटेत दरोडेखोर व पुराच्या नद्या असत. पौलाने पुढे करिंथकरांना लिहिलेल्या संकटांच्या यादीत दोहोंचा उल्लेख आहे.

अंत्युखियातून त्यांना हाकलून दिले. इकुन्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कोन्या शहरात, त्यांच्यावर दगडफेकीचा बेत झाला, तेव्हा ते निसटून लुस्त्राला आले. लुस्त्र कोन्याच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर होते. त्याची जागा १८८५ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखावरून निश्चित झाली. लुस्त्रात जे घडले ते माझ्या मते सुवार्ता फेरीवर निघणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी वाचावे. पौलाने जन्मापासून पांगळ्या असलेल्या एका माणसाला उभे केले. ते पाहून लोक ओरडू लागले की देव माणसांच्या रूपाने खाली आले आहेत. बर्णबाला ते झ्यूस म्हणाले आणि बोलण्यात पुढाकार घेणाऱ्या पौलाला हर्मीस. शेजारच्या फ्रुगियात या दोन देवांनी वेष पालटून माणसांच्या घरी पाहुणचार घेतल्याची कथा प्रचलित होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लोकांना वेडे ठरविण्याची घाई होत नाही. लूक एक बारीक गोष्ट नोंदवितो : लोक लुकवनी भाषेत ओरडत होते. पौल ग्रीकमध्ये बोलला होता आणि लोकांचे मन त्यांच्या घरच्या भाषेत चालले होते. म्हणून पुजारी बैल आणि हार घेऊन वेशीपाशी येईपर्यंत काय चालले आहे हे त्या दोघांना उमगलेच नाही. त्यांनी कपडे फाडून, आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे परोपरीने सांगितले आणि यज्ञ कसाबसा थांबविला. मग अंत्युखिया व इकुन्या येथून विरोधक आले आणि त्याच जमावाने पौलाला दगडमार करून, मेला असे समजून, गावाबाहेर ओढून टाकले.

यज्ञ थांबल्याचे वचन आणि दगडांचे वचन लूकाच्या वृत्तांतात लागोपाठ आहेत. आपल्या सभांना किती उपस्थिती होती हे मोजणाऱ्यांनी लुस्त्रातील त्या दिवसाची उपस्थिती कोणत्या रकान्यात लिहिली असती, असा प्रश्न मला पडतो. गर्दी तर मोठी होती, उत्साहही होता.

दुसऱ्या दिवशी पौल बर्णबासह दर्बेला निघाला. ते अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. अंगावरच्या ताज्या जखमांसह ते कसे कापले असेल याची कल्पना प्रत्येकाने आपल्या गुडघ्यांच्या हिशेबाने करावी. दर्बेची जागा कारामानजवळच्या केर्ती ह्युयुक या टेकाडावर १९५६ मध्ये सापडलेल्या शिलालेखामुळे समजली. नकाशावर पाहा : तेथून पूर्वेची वाट किलिकियेच्या खिंडीतून थेट तार्साला उतरते. तार्स पौलाचे गाव, आणि पुढे त्याच रस्त्याने त्यांना पाठविणारी अंत्युखियाची मंडळी. सातवीतल्या मुलीने बोट ठेवले ते अगदी बरोबर होते. हिवाळ्यात त्या खिंडीत बर्फ साचते, म्हणून ते मागे फिरले असावेत, असेही काहींनी सुचविले आहे. असेल. पण लूक कारण देतो ते वेगळे आहे. ज्या गावात दगड खाल्ले त्या लुस्त्रात, जेथे दगडांचा बेत झाला त्या इकुन्यात आणि जेथून हाकलले त्या अंत्युखियात ते पुन्हा गेले; त्यांनी शिष्यांची मने स्थिर केली, पुष्कळ संकटांतून आपल्याला देवाच्या राज्यात जावे लागते असे सांगितले, आणि प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, नेमून, उपास व प्रार्थना करून त्यांना प्रभूवर सोपविले.

सीरियात परतल्यावर त्यांनीही अहवाल दिला. मंडळीला एकत्र जमवून, देवाने आपल्याबरोबर राहून काय काय केले आणि परराष्ट्रीयांसाठी, म्हणजे यहूदी नसलेल्यांसाठी, विश्वासाचे दार कसे उघडले ते त्यांनी सांगितले. त्यात एकही आकडा नाही. लूकाला आकड्यांचे वावडे होते असे नाही. यरुशलेमेतील तीन हजार आणि पाच हजार हे त्यानेच लिहिले आहेत. पौलाच्या प्रवासांत मात्र नव्या शिष्यांची म्हणून नेमकी अशी एकच संख्या तो देतो : इफिसातील ते पुरुष सुमारे बारा होते. अथेनैसारख्या नगरीतून त्याने आपल्याला दिओनुस्य आणि दामारि ही दोन नावे दिली आणि इतर काही असे म्हणून तो पुढे गेला.

आपण ज्याला दुसरा प्रवास म्हणतो त्याची सुरुवात कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. (पहिला, दुसरा, तिसरा ही मोजणी पुढच्या शिक्षकांची, कृत्यांच्या पुस्तकात ती नाही. माझ्यासारख्यांनीच ती परीक्षेसाठी पक्की केली.) पौल बर्णबाला म्हणाला की ज्या ज्या नगरांत आपण प्रभूचे वचन सांगितले तेथे परत जाऊन बंधुजन कसे आहेत ते पाहू या. मासेदोनिया, फिलिप्पै, युरोपचा किनारा, हे सगळे पुढे आपोआप आले. घरून निघताना हेतू विचारपूस करण्याचा होता. मार्काला न्यावे की नाही यावरून त्या दोघांचे बिनसले आणि पौल सीलाला घेऊन निघाला. तो लुस्त्राला पोहोचला तेव्हा त्याला तीमथ्य भेटला. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासात वाढलेला, बाप ग्रीक असलेला हा तरुण, लुस्त्र व इकुन्या येथील बंधूंनी नावाजलेला होता. ज्या गावाने पौलाला मेला म्हणून बाहेर टाकले त्याच गावाने त्याला त्याचा सर्वांत जवळचा सहकारी दिला, आणि तो पौलाच्या पुन्हा येण्यामुळे हाती लागला. पहिल्या भेटीचा अहवाल लिहिणाऱ्याला तीमथ्याचे नाव लिहिता आले असते की नाही, मला शंका आहे. तिसऱ्या प्रवासाचाही आरंभ तसाच : गलतिया आणि फ्रुगिया या प्रांतांतून क्रमाने फिरत तो सर्व शिष्यांना स्थिर करीत गेला.

नकाशावरची रेघ चालणे दाखविते, मुक्काम दाखवीत नाही. नकाशाचा हा दोष मी शाळेत कधी सांगितला नाही. करिंथात पौल दीड वर्ष राहिला. तेथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले, क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिल्यामुळे नुकतेच इटलीहून आलेले. तिघांचाही धंदा राहुट्या करण्याचा, म्हणून तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. ज्या गल्लियो नावाच्या रोमी अधिकाऱ्यापुढे त्याला करिंथात उभे केले त्याच्या अंमलाचा काळ डेल्फी येथील शिलालेखावरून इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो, आणि पौलाच्या आयुष्याची बाकीची बरीच सालवारी त्या एका दगडावरून मागेपुढे मोजली जाते. इफिसात तो आणखी रमला : सभास्थानात तीन महिने, मग तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज वादसंवाद, मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा निरोप घेताना तो स्वतः तीन वर्षे म्हणतो. कृत्यांच्या एका जुन्या पाठपरंपरेत येथे एक तपशील जादा आहे, तो असा की हे शिक्षण पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत चाले. म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, जेव्हा त्या उन्हाच्या मुलखात लोक कामधंदा थांबवून आडवे होतात. मूळ लेखनात तो तपशील असो वा नसो, तो पौलाला शोभतो : सकाळी चामडे शिवायचे आणि दुपारी, खोली रिकामी मिळते तेव्हा, शिकवायचे.

या मुक्कामाबद्दल लूक म्हणतो की आसिया प्रांतातील सर्व रहिवाशांनी प्रभूचे वचन ऐकले. पौल तर एका खोलीत बसला होता. मग आसियाने ऐकले कसे? याचे एक उत्तर कलस्सैकरांच्या पत्रात सापडते. लायकस नदीच्या खोऱ्यातील कलस्सै, लावदिकीया आणि हेरापली या गावांत सुवार्ता नेली एपफ्रासाने, आणि पौल त्याचे वर्णन 'तुमच्यातलाच' असे करतो. कलस्सैच्या लोकांनी पौलाचे तोंडही पाहिले नव्हते. आपल्या नमुन्यातील पहिल्या रकान्यात पौलाला कलस्सै लिहिता आले नसते, कारण तो तेथे गेलाच नाही. इफिसात ठाण मांडून बसल्याने त्याच्याऐवजी दुसरा कोणी गेला.

प्रवासाला निसर्गाचीही बंधने होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत भूमध्य समुद्रातील जहाजे बहुधा बंदरातच राहत, जशा आपल्या कोकणातल्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पण पौलाने या सक्तीच्या मुक्कामाला आपले काम मानले. करिंथकरांना तो लिहितो की कदाचित मी तुमच्याकडे हिवाळाही काढीन, कारण आता नुसते जाताजाता तुम्हांला भेटावे अशी माझी इच्छा नाही. 'जाताजाता' हा शब्द मी माझ्या पवित्र शास्त्रात लाल पेन्सिलीने अधोरेखित केला आहे. आपल्या फेरीला यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आणि जेथे त्याला परत जाता आले नाही, तेथे त्याने पत्रे धाडली. थेस्सलनीकातून त्याला रातोरात निघावे लागले होते. त्या लोकांना तो लिहितो की तुमच्याकडे यायचा मी एकदा सोडून दोनदा प्रयत्न केला, शेवटी राहवेना म्हणून तीमथ्याला पाठविले. ते पत्र सुमारे इ.स. ५० मधले, आपल्या हाती असलेल्या त्याच्या पत्रांत बहुधा सर्वांत जुने. रविवारी आपण जी पत्रे उपासनेत वाचतो त्यांतली कित्येक अशा न घडलेल्या किंवा लांबलेल्या भेटींच्या जागी लिहिलेली आहेत. फटके, दगड, तीन वेळा फुटलेले तारू, समुद्रात काढलेला एक दिवस व एक रात्र, अशी सगळी संकटे सांगून झाल्यावर त्या यादीच्या शेवटी पौल काय ठेवतो? सर्व मंडळ्यांची रोजची चिंता.

बाप्तिस्म्याच्या रकान्याविषयी मी फार लिहीत नाही. करिंथात 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' असे तट पडले तेव्हा पौलाने देवाचे आभार मानले की क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज मी तुमच्यातील कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला स्तेफनाचे घराणे आठवले, तेही त्याने जोडले, आणि पुढे लिहिले की याशिवाय आणखी कोणाचा केला असला तर मला ठाऊक नाही. दीड वर्ष एका गावात राहिलेल्या प्रेषिताला ही संख्या नीट आठवत नव्हती, आणि आपण ती दर वर्षी जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवितो. आजच्या वातावरणात असे आकडे कोणाच्या हाती पडून कशासाठी वापरले जातात, हे आपण जाणताच.

माझ्या म्हणण्याविरुद्ध दोन गोष्टी मांडल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. एक, गाझाच्या रस्त्यावर सुवार्तिक फिलिप्प आणि रथातून जाणारा कूश देशाचा षंढ अधिकारी यांची एकच भेट झाली आणि तेवढी पुरली. दोन, आपल्याच घरचे उदाहरण : नारायण वामन टिळकांना १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मग जाताजाता दिलेल्या पुस्तकाला कमी का लेखायचे? मी कमी लेखत नाही. फिलिप्प मात्र रथाशेजारून धावत पत्रिका टाकून गेला नाही. तो रथात चढून त्या माणसाच्या शेजारी बसला आणि तो यशयातील जे वाचत होता तेथूनच त्याने बोलायला सुरुवात केली. टिळकांच्या बाबतीत त्या प्रवाशाची भेट आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये दोन वर्षांचे वाचन, शंका आणि विचार आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर रेल्वेही नव्हती; पतीच्या बाप्तिस्म्यानंतर वियोग, अपमान आणि मग एकत्र संसार यांतून जाऊन त्यांनी सुमारे पाच वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्यावर कोणी घाई केली नाही. टिळकांनी अखेरीस, १९१७ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांना त्यात जागा ठेवली. त्यांच्या त्या निर्णयाबद्दल मंडळ्यांत तेव्हाही मतभेद होते आणि आजही असतील. मला एवढेच दिसते की त्या माणसाला 'शिष्य' या शब्दाची लांबी कळली होती.

आता आपल्याकडचे. गेल्या डिसेंबरात मी एका फेरीबरोबर गेलो होतो. जीपमध्ये ढोलकी, पेटी, कर्णा आणि पत्रिकांचे गठ्ठे. दिवसाला पाच गावे. दुसऱ्या गावात पारावर गाणी झाली, संदेश झाला, पत्रिका वाटल्या. निघताना एका म्हातारीने मला विचारले, "मागल्या साली बी कोनी तरी आलं हुतं, असंच गानं म्हनून गेलं. तुमी तेच का?" आम्ही तेच नव्हतो. "मंग तुमी परत कदी येनार?" मला उत्तर देता आले नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुढच्या वर्षी तालुकाच बदलणार होता. जीप सुरू झाली होती, मी बसलो. तिसऱ्या गावाला पोहोचायला आम्हांला वीस मिनिटे उशीर झाला होता, त्याबद्दल आमच्या प्रमुखांनी क्षमा मागितली. म्हातारीची क्षमा कोणी मागितली नाही, मीही नाही.

फेब्रुवारीत मी एसटीने त्या गावी गेलो. ती भेटली, चहा झाला. तिला वाचता येत नाही. नातू वाचून दाखवितो, पण त्यालाही अर्धे कळत नाही. त्यानंतर मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जातो. कधी चौघे बसतात, कधी कोणीच नसते आणि मी नातवाचा भूगोल घेतो. या गावाची नोंद आपल्या नमुन्यात होऊ शकत नाही, कारण ते आता नवे गाव राहिलेले नाही.

म्हणून माझ्या विनंत्या अशा आहेत. अहवालाच्या नमुन्यातून बाप्तिस्म्यांचा आणि उपस्थितीचा रकाना काढावा आणि त्या जागी 'पुन्हा कितव्यांदा गेलात' असा एक रकाना घालावा. पुढील वर्षासाठी गावांची संख्या निम्म्याहून कमी करावी, आणि जे वाचेल ते पेट्रोल परत जाण्यासाठी वापरावे. ज्या गावाची भाषा किंवा बोली आपल्यापैकी कोणालाच येत नाही तेथे कर्णा नेण्यापूर्वी ती येणारा एक माणूस शोधावा, नाही तर लुस्त्रासारखे हार आणि दगड दोन्ही आपल्याला कळणार नाहीत. फेरीत निघणाऱ्यांपैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी आपला धंदा सोबत न्यावा. शिवणयंत्र दुरुस्त करणारा, नळ बसविणारा, पाचवीच्या मुलांचे गणित घेणारा माणूस गावात राहिला तर त्याच्या राहण्याचे कारण कोणाला विचारावे लागत नाही. आणि शब्बाथशाळेच्या अभ्यासक्रमात 'पौलाच्या प्रवासातील गावे क्रमाने लिहा' हा प्रश्न ठेवायचाच असेल, तर त्याच्याखाली 'यांपैकी कोणत्या गावी तो पुन्हा गेला व का' हा प्रश्न जास्त गुणांचा असावा.

यातील काही गोष्टी आपल्याला अव्यवहार्य वाटतील. पाठविणाऱ्या संस्थांना आकडे दाखवावे लागतात, याची मला कल्पना आहे. सीरियातील अंत्युखियाच्या मंडळीनेही खर्च केला होता आणि परत आलेल्यांचे सगळे बसून ऐकले होते. त्यांना जे ऐकून समाधान झाले ते आपल्या संस्थांना का पुरू नये, हा प्रश्न मी आपल्यावर सोपवितो.

जूनच्या सभेला मी येणार आहे. सोबत आमच्या वर्गाने काढलेला नवा नकाशा असेल. मुलांनी गावे मुक्कामाच्या प्रमाणात लहानमोठ्या वर्तुळांनी दाखविली आहेत. त्यामुळे करिंथ आणि इफिस यांनी अर्धा कागद व्यापला आहे आणि अथेनै एका ठिपक्याएवढे राहिले आहे, जे अथेनैवाल्यांना आवडणार नाही. कलस्सैला वर्तुळ नाही, पण इफिसाहून तेथवर एक बारीक रेघ आहे आणि तिच्यावर एपफ्रासाचे नाव आहे. दर्बेपाशी तांबडी रेघ दोनदा ओढली आहे. ती हात चुकून ओढली गेली असे समजून कोणी खोडू नये, एवढी विनंती.

आपला नम्र,
शब्बाथशाळेचा एक जुना शिक्षक